गिधाडाला ‘सफाई कामगार’ म्हणण्यापूर्वी

पक्षी सप्ताहात आमच्या वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेत एका कंपनीच्या पैशातून एका संस्थेचे लोक आले होते. चौथीच्या वर्गात त्यांनी पडदा लावला, पक्ष्यांची रंगीत चित्रे दाखवली आणि प्रत्येक मुलाला एक पुस्तिका आणि कंपनीचे नाव छापलेली टोपी दिली. मुले खूश होती. आम्हीही मागे उभे राहून ऐकत होतो. खंड्या झाला, सुगरण झाली, भारद्वाज झाला. मग पडद्यावर गिधाड आले आणि शिकवणाऱ्या ताई हसून म्हणाल्या, “हा निसर्गाचा सफाई कामगार!”

वर्गातली पाच-सहा डोकी एकदम मागच्या बाकाकडे वळली. तिथे बसलेल्या मुलाचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. कुणीतरी हळूच म्हणाले, “ए गिधाड.” बाकीचे हसले. ताई पुढच्या चित्राकडे गेल्या.

ताईंचा हेतू वाईट नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जातीला वाईट हेतूची गरज कधी लागली? ती भाषेत बसलेली असते. गिधाडाला सफाई कामगार म्हणणे हे आपल्याकडे कौतुक समजले जाते. लेखांत, भाषणांत, भित्तीपत्रकांवर हे वाक्य सर्रास असते. ज्यांच्या घरात कुणी गटारात उतरत नाही त्यांना ते गोड वाटते. ज्या समाजाच्या माथी पिढ्यान् पिढ्या घाण काढण्याचे काम मारले गेले, त्याच्या मुलाला तेच वाक्य वर्गात उघडे पाडते. घाण काढणे हा गिधाडाचा निसर्गधर्म असेल, माणसाचा नाही. माणसावर ते काम लादले गेले. हा फरक ज्या धड्यात नाही, तो निसर्गाच्या नावाखाली जातच शिकवतो.

या प्रकारानंतर आमच्याच कार्यकर्त्यांत दोन मते पडली. एक मत असे की, फुकट मिळते आहे तर घ्यावे, उगाच खुसपट काढू नये. दुसरे मत असे की, पक्षी पाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आपल्या पोरांना इंग्रजी, गणित आणि संगणक द्या, पक्षी घेऊन काय करायचे? आम्हाला ही दोन्ही मते चुकीची वाटतात.

पहिल्या मताबद्दल. हे फुकट नाही आणि दानही नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शिक्षण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. हा नफा कामगारांच्या घामातून, सरकारने दिलेल्या जमिनीतून, नदीच्या पाण्यातून येतो. म्हणजे आपलाच पैसा फिरून आपल्या शाळेत येतो, आणि आपली मुले त्याच्या बदल्यात डोक्यावर कंपनीचे नाव मिरवतात! २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना आणली, तेव्हा देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची सोयही तिच्यात होती. दत्तक अनाथाला घेतात. ज्या शाळा फुले दाम्पत्याच्या आणि बाबासाहेबांच्या संघर्षाने आपल्यासाठी उघडल्या, त्या अनाथ कधीपासून झाल्या? हक्काच्या गोष्टीला दान म्हणू दिले की प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण स्वतःच सोडून देतो.

आता दुसरे मत. पक्षी हा आपला विषय नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपला वारसा पुन्हा वाचावा. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी आहे. तिच्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि देवदत्ताचा प्रसंग घेतला आहे. देवदत्ताने पक्ष्याला जखमी केले, सिद्धार्थाने त्याला वाचवले आणि पक्षी कुणाचा यावर वाद झाला. निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने लागला: मारू पाहणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा हक्क मोठा. हा वारसा असलेल्या समाजाने पक्षी दुसऱ्यांच्या हवाली का करावेत? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि परिसराचा धांडोळा यांतून शिकणे सांगितले आहे. श्रीमंतांच्या मुलांनी दुर्बीण घेऊन तळ्यावर जायचे आणि आपल्या मुलांनी फक्त पाढे घोकायचे, ही वाटणी आपण का मान्य करावी? पाढेही हवेत आणि दुर्बीणही हवी.

तेव्हा आमचा विरोध पक्ष्यांना नाही, प्रायोजकाच्या पैशालाही नाही. विरोध माणसे वगळलेल्या निसर्गाला आहे. तळे दाखवायचे आणि त्या तळ्यावर कुणाला पाणी भरू दिले जात नव्हते हे लपवायचे, असा हा निसर्ग आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरेढोरे पीत होती, पाखरे पीत होती. २० मार्च १९२७ रोजी माणसांनी ओंजळ भरली तेव्हा मात्र त्यांची डोकी फोडली गेली आणि नंतर तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. तळ्यावरचा धडा या प्रसंगाशिवाय पूर्ण होतो, असे कुणी आम्हाला पटवून द्यावे.

शिकाऱ्याचेही तसेच. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असतो, कारण ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. दोघांबद्दल आम्हाला आदर आहे. सलीम अलींच्या आयुष्याची गोष्ट मुलांना नेहमी सांगितली जाते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची चिमणी मारली, ती ओळखायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली. फार सुंदर गोष्ट आहे. पण फासेपारध्याच्या मुलाने तितर धरला तर त्याच्यासाठी कोणत्या सोसायटीचे दार उघडते? त्याच्या समाजाला इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडले, आणि पोलिसांच्या नजरेतून तो अजून पुसलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. ती बंद व्हायलाच हवी होती. पण शिकार बंद करताना त्या माणसाकडचे ज्ञान जपायला आणि त्याच्या पोटाची सोय करायला कुणी आले नाही. तितराची साद ओळखणारा, लाव्याचे घरटे गवतात कुठे असते हे सांगणारा माणूस शाळेच्या फाटकाबाहेर उभा आहे, आणि आत शहरातून आलेला पाहुणा पडद्यावर तितर दाखवतो आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत देणगीदारांच्या पैशातून शाळांच्या वर्गात पक्ष्यांचे धडे पोहोचवण्याचे काम ‘ऑड्युबॉन’ नावाच्या संस्था अनेक वर्षे करत आल्या. ज्या चित्रकाराचे हे नाव, त्याने माणसे गुलाम म्हणून बाळगली होती. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या काळ्या पक्षीनिरीक्षकाने एका गोऱ्या बाईला कुत्रा बांधायला सांगितले, तर तिने पोलिसांना फोन लावून एक काळा माणूस धमकावतो आहे अशी तक्रार केली. काळे पक्षीनिरीक्षक गप्प बसले नाहीत आणि त्यांनी पक्षी पाहणेही सोडले नाही. काही दिवसांतच त्यांनी स्वतःचा पक्षीनिरीक्षक सप्ताह सुरू केला. पुढे सिएटल, शिकागो अशा शहरांतल्या संस्थांनी ते नाव टाकून दिले. राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये मात्र ते कायम ठेवले. लढा अर्धाच जिंकला, पण प्रश्न ऐरणीवर आला. आपल्यालाही हेच करायचे आहे.

कसे करायचे? शाळा व्यवस्थापन समितीतून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात आणि निम्म्या महिला असतात. आपल्या किती वस्त्यांत आपले पालक या समितीवर आहेत? आणि जे आहेत, ते सहीपुरते आहेत की बोलतात? आधी हे तपासा. मग पुढच्या प्रायोजित कार्यक्रमाआधी समितीत चार अटी मांडा.

पहिली, मुलांना दाखवायचे साहित्य आधी समितीला दाखवावे. कोणत्याही पशुपक्ष्याची तुलना माणसाच्या कामाशी किंवा जातीशी नको. दुसरी, पैसा एका दिवसाच्या तमाशावर नको. शाळेतल्याच शिक्षकांचे प्रशिक्षण, वाचनालयात पक्ष्यांची पुस्तके आणि पाच-सहा दुर्बिणी वर्षभर शाळेत राहाव्यात. तिसरी, गावातल्या पारधी, धनगर, कोळी जाणकारांना वर्गात बोलवावे आणि शहरातल्या तज्ज्ञाइतकेच मानधन द्यावे. चौथी, मुलांच्या अंगावर जाहिरात नको. खर्चाचा हिशेब शाळेच्या फलकावर लावावा, आणि प्रायोजकाच्या कारखान्याचे सांडपाणी कुठे जाते हे विचारण्याचा मुलांना अधिकार असावा. ज्याला या अटी जड वाटतील, त्याला निसर्ग नको होता, फोटो हवा होता.

त्या प्रकारानंतरच्या आठवड्यात आम्ही शिक्षकांच्या परवानगीने त्याच वर्गात अर्धा तास घेतला. गिधाडाचीच गोष्ट सांगितली. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. काही जातींची संख्या दीड दशकात ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झाले. मेलेली गुरे गावाबाहेर ओढून नेण्याचे काम कुणावर लादले होते, आणि १९२७ च्या महाड परिषदेत ते सोडायला बाबासाहेबांनी का सांगितले, हेही सांगितले. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने हात वर केला आणि विचारले, “गिधाडं मेली, तर सरकारनं औषध बंद केलं. गटारात माणसं मरतात, तर काय बंद केलं?”

माणसाला गटारात उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, हे आम्ही त्याला सांगितले. तरीही माणसे उतरवली जातात आणि मरतात, हेही सांगावे लागले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर ना त्या पुस्तिकेत आहे ना त्या टोपीवर. पण असा प्रश्न विचारणारे मूल घडवते तेच खरे निसर्गशिक्षण. ते आपल्या शाळेत यावे म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीला जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. अटी लिहून न्या.

जयभीम!