कानातला भोंगा



कारखान्याचा भोंगा वाजतो, पाळी बदलते आणि भोंगा थांबतो. पण काही माणसांच्या कानात असा एक भोंगा बसलेला असतो, की तो पाळी संपली तरी थांबत नाही आणि हंगाम संपला तरी थांबत नाही. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी, तर कुणाला वाफ सुटल्यासारखा सूं सूं आवाज. बाहेर मात्र काहीच वाजत नसते. शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याचा विश्वास बसत नाही. "वारं शिरलं असंल कानात," असे म्हणून आपण मोकळे होतो. या दुखण्याची थट्टा थांबावी आणि आपल्या संस्थेने त्याची दखल घ्यावी, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

या विकाराला डॉक्टर लोक टिनिटस म्हणतात. आपल्या आयुर्वेदात त्याला कर्णनाद असे नाव आहे. म्हणजे हे काही नवीन खूळ नव्हे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात दर शंभर प्रौढांमागे सुमारे १४ जणांना हा आवाज कधी ना कधी जाणवतो असे दिसले. जगात अशी माणसे ७४ कोटींहून अधिक. त्यांतल्या १२ कोटींहून अधिक लोकांना त्याचा त्रास तीव्र आहे. हेच प्रमाण आपल्या वार्षिक सभेच्या मंडपाला लावून बघा. शंभरातले चौदा जण हा आवाज जाणणारे निघतील आणि दोघांचे तर जगणेच त्याने अवघड केलेले असेल. ते बोलत नाहीत, एवढेच.

दिवसा कामाच्या गडबडीत हा आवाज दबून जातो. रात्री गाव शांत झाले, की तो वर येतो. झोप लागत नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कामात लक्ष नाही, बारीकसारीक गोष्टीवरून घरात चिडचिड. ऐकूही कमी येत असेल, तर चारचौघांत बोलणे कळत नाही. "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटते आणि माणूस पारावर बसायचे सोडतो. काहींचे मन पार खचून जाते. घरच्यांना वाटते, म्हातारा तिरसट झाला. तिरसटपणाचे मूळ कानात आहे, हे कुणी बघतच नाही.

हे होते कसे? कानाच्या आत शंखासारखा एक भाग आहे. त्यात आवाज टिपणाऱ्या, अंगावर बारीक केस असलेल्या हजारो पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. माणसाच्या या पेशींना खोडवा नाही, गेल्या त्या गेल्याच. मग जे ऐकू येत नाही ते ऐकण्यासाठी मेंदू आपला आवाज वाढवतो. स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा कान पिळावा आणि नुसती खरखर वाढावी, तसाच काहीसा प्रकार. वय, कानातला मळ, कानाचे इतर रोग आणि काही औषधे हीही कारणे असतात. पण आपल्या हातात असलेले मोठे कारण म्हणजे गोंगाट.

आणि गोंगाटाची आपल्याकडे काय वाण? फायब्रायझर, टर्बाईन, सुटणारी वाफ. शेतावर बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र. कारखाने नियमांचे कोष्टक असे, की ९० डेसिबलला ८ तास, १०० ला २ तास आणि ११० ला फक्त अर्धा तास. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा तर कायद्यानेच कळवण्याजोगा रोग मानला आहे. याउपर उसाच्या ट्रॅक्टरवर भलेमोठे कर्णे लावून गावेच्या गावे जागी करत जाणे, ही कसली हौस? ड्रायव्हरचेही कान जातात आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याचा आवाजही त्याला येत नाही.

कुणी म्हणेल, "उसाच्या दराचं बोला, कानाचं काय घेऊन बसलाय?" दराचे बोललेच पाहिजे. पण कारखान्याचे मालक आपण आहोत आणि मिलवर उभा राहणारा पोरगाही बहुधा आपल्यातल्याच कुणाचा तरी आहे. त्याचे कान गेले तर तो तोटा ताळेबंदात दिसत नाही, घरात दिसतो. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्यांचे कान हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासावेत. कानात घालायच्या बोळ्या नुसत्या वाटू नयेत, त्या वापरायला शिकवावे. "बोळ्या घातल्या तर यंत्राचा बिघाड ऐकू येत नाही," ही कामगारांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. कामानुसार योग्य साधन द्यावे आणि जागा आलटून पालटून द्याव्यात. कर्णे लावलेला ट्रॅक्टर गेटवरच थांबवावा.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कानात गरम तेल ओतू नये, काडी घालू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर एक दिवसही दवडू नये. आवाज हमखास घालवणारी गोळी अजून निघालेली नाही, तेव्हा तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका. मात्र श्रवणयंत्र, रात्री उशाशी पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज आणि मनाची भीती कमी करणारे समुपदेशन यांनी पुष्कळांचे जगणे सुसह्य होते.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघावा. आणि तोवर घरातले कुणी "कानात वाजतंय" म्हणाले, तर हसू नका. खरेच वाजत असते.