व्रण भरला, कातडी कोरडीच

दोन हिवाळ्यांपूर्वी ताडकळसच्या बसथांब्याजवळ एक तांबडी कुत्री आमच्या पाहण्यात आली. कोणीतरी तिच्या पाठीवर उकळते पाणी किंवा तेल टाकले असावे. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी सोलवटली होती, जखमेत अळ्या पडल्या होत्या आणि कानांच्या कडा लुतीने पांढरट, जाड झाल्या होत्या. पशुवैद्यकांनी अळ्या काढल्या, जखम धुतली, इंजेक्शने दिली. दीड-दोन महिन्यांनी जखम भरली. तोवर ती आमच्या ओसरीची झाली होती आणि माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तिचे नाव तांबू ठेवले होते.

जखम भरली म्हणजे काम संपले, असे आम्हांला वाटले. मात्र पाठीवर तळहाताएवढा बिनकेसांचा, गुलाबी, चकचकीत पट्टा राहिला. थंडी वाढली तशी त्यावर माशाच्या खवल्यांसारखी पापुद्री धरू लागली. तांबू मान वळवून ती चावे, मग भेग पडे आणि भेगेतून रक्त येई. या सदराच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारी असे एखादे जीव आले असेल, म्हणून आमच्या घरी काय चुकले आणि काय जमले ते सविस्तर लिहितो.

पहिली चूक माझीच. काही वर्षांपूर्वी मला नायटा झाला होता, तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेली मलमाची नळी कपाटात होती. ती मी आठवडाभर तांबूच्या पाठीला लावली. दोन दिवस लाली ओसरली आणि मला माझ्या हुशारीचे कौतुक वाटले. त्यानंतर भोवतालचे केस गळू लागले, कातडी कागदासारखी पातळ झाली आणि कानांवरची लूत पोटापर्यंत उतरली. अशा ‘तीन-चार औषधे एकात’ मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. ते खाज दाबते, त्याबरोबर कातडीची प्रतिकारशक्तीही दाबते. लुतीचे किडे आणि बुरशी यांना मग मोकळे रान मिळते. माणसालाही ही मलमे स्वतःच्या मनाने लावणे घातकच असते. कुत्रे तर ती चाटून पोटातही घेते.

त्याच सुमारास आक्काच्या हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठले. तांबू तिच्या मांडीला टेकून बसे, तेथेच खाज अधिक होती. आक्काचे वय 81, मधुमेह जुना. पुण्याहून मुलीचा फोन आला. ‘बाबा, आधी ते कुत्रं घराबाहेर काढा. आत्याच्या पायाला उद्या जखम झाली तर कोण निस्तरणार?’ तिचे म्हणणे अनाठायी नव्हते. आक्का मात्र ऐकेना. ‘मला खाज सुटली म्हणून तिला हाकलायचं? मग उद्या मलाही हाकलशील!’ असे म्हणून तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

शेवटी तांबूला घेऊन आम्ही परभणीच्या पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयात गेलो. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील या महाविद्यालयाला जोडलेल्या चिकित्सालयात गुराढोरांप्रमाणे कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात. तेथील डॉक्टरांनी कातडी थोडी खरवडून घेतली आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लुतीचे किडे दिसले. मग डॉक्टरांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले: आधी रोग संपवायचा, कोरडेपणाचा विचार त्यानंतर.

कुत्र्याच्या कोरड्या, खवलेदार कातडीमागे लूत असू शकते, बुरशी असू शकते, गोचिडांचा उपद्रव असू शकतो किंवा निव्वळ जुना व्रण असू शकतो. बाहेरून सगळे सारखेच दिसते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. लुतीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकातील किडे कातडीत बोगदे करतात, भयंकर खाज आणतात आणि सहवासातील माणसालाही तात्पुरते त्रास देतात. दुसऱ्यातील किडे केसांच्या मुळाशी राहतात, ते माणसाला लागत नाहीत. तांबूला पहिल्या प्रकारची लूत होती. कुत्र्याचा हा किडा माणसाच्या कातडीवर आपला वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्रे बरे झाले की माणसाची खाजही काही आठवड्यांत शमते. तरीही आम्ही आक्काला माणसांच्या डॉक्टरांकडे वेगळे दाखवले. वृद्धांमध्ये खाजेची दुसरी अनेक कारणे असतात आणि माणसाची खरूज हा तर स्वतंत्र आजार आहे. गजकर्ण म्हणजे बुरशीचा आजार असेल, तर तो कुत्र्याकडून माणसाकडे येऊन टिकतो, हेही ध्यानात ठेवावे.

उपचार सुरू झाले. तांबूची गोधडी रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवली. लुतीवरचे औषध पशुवैद्यकाने वजन करूनच द्यावे. गोठ्यातील जनावरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने टोचलेले इंजेक्शन काही कुत्र्यांच्या जिवावर बेतते. लूत गेली, केस परतले, आक्काची खाजही थांबली. पाठीवरचा पट्टा तेवढा तसाच राहिला.

तो तसाच राहणार, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. कातडीला मऊ ठेवणारे तेल ज्या सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते, त्या केसांच्या मुळाशी उघडतात. खोल भाजलेल्या जागी केसांची मुळे जळतात आणि त्यांच्यासोबत तेलाच्या ग्रंथीही नष्ट होतात. व्रणाची नवी कातडी म्हणजे शरीराने घाईने घातलेले ठिगळ. ती वर्षभर आतून घडत राहते, पण मूळ कातडीच्या सुमारे 80 टक्क्यांपलीकडे तिची ताकद जात नाही. त्यातून कुत्र्याची कातडी मुळातच माणसापेक्षा पातळ. तिच्या बाह्य थरात पेशींच्या तीन ते पाचच रांगा असतात. म्हणून केस उगवावेत यासाठी कांद्याचा रस, लसूण, लिंबू चोळणे व्यर्थ आहे. ठिगळ लवचीक राहावे आणि उसवू नये, एवढेच आपल्या हाती असते.

आक्काला हे मी समजावून सांगत होतो, तेव्हा ती आपल्या पायांकडे पाहत होती. म्हातारपणी आपल्याही तेलग्रंथी मंदावतात, कातडी पातळ होते, थंडीत नडग्यांवर पापुद्रे धरतात. ‘माझ्या पायांना रोज तू खोबरेल लावतोस, मग हिच्या पाठीला लावलं तर काय बिघडलं?’ तिचा प्रश्न रास्त होता. बिघडत नाही. किती आणि कसे लावायचे, एवढेच पाहायचे.

आमची पद्धत अशी बसली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा कोमट पाण्यात पिळून तो व्रणावर दोन-तीन मिनिटे ठेवायचा. पापुद्रे नखाने काढायचे नाहीत, जे आपोआप सुटतील तेवढेच पुसायचे. मग ओलसरपणा असतानाच खोबरेल तेलाचे चार थेंब किंवा शेंगदाण्याएवढी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली बोटांनी हलकेच पसरायची. तेल पाणी आणत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून कोरड्या कातडीवर ओतलेले तेल फारसे कामी येत नाही. लावल्यावर लगेच जेवायला द्यायचे किंवा फिरवून आणायचे, म्हणजे पंधरा मिनिटे तिचे चाटण्याकडे लक्ष जात नाही. सुरुवातीला मी भरपूर तेल चोपडत असे. आपल्या भागातील काळ्या मातीची धूळ त्यावर बसून राप धरे, शिवाय चाटून चाटून तिला जुलाब झाले. थर इतका पातळ हवा की हात फिरवल्यावर बोटाला चिकटू नये.

अंघोळ तीन आठवड्यांतून एकदा, तीही कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने. कुत्र्याच्या कातडीचा स्वभाव आपल्यासारखा आम्ल नसून जवळजवळ उदासीन असतो, त्यामुळे आपला अंगाचा साबण तिला मानवत नाही. कपड्यांची वडी तर नकोच. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल, तर फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा आणि नंतर अगदी निथळ धुवावा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी चटके देते, तेव्हा आधी आपल्या मनगटावर पाहावे.

मराठवाड्याच्या उन्हात बिनकेसांचा व्रण होरपळतो. सकाळी अकरा ते चार तांबू सावलीतच असते. माझ्या जुन्या सुती बनियनला चार पायांसाठी कातरून तिचा अंगरखा केला आहे. तो रोज बदलतो. ओला राहिला तर खाली बुरशी धरते. माणसांचे ऊन-रोधक मलम लावू नये, त्यातील काही घटक चाटल्यास विषारी ठरतात. बारदानाचे अंथरूण व्रणाला घासते. मऊ गोधडीच बरी.

आता अन्नाविषयी, कारण कातडी आतून पोसली जाते आणि येथेच आपल्या घरांत सर्वाधिक उणीव राहते. आपण कुत्र्याला उरलेली भाकरी किंवा पोळी, फार तर दुधात कुस्करून, घालतो. माया आहे, पोषण अपुरे आहे. केवळ धान्यावर वाढलेल्या कुत्र्याला प्रथिने कमी पडतात आणि धान्यातील फायटेट हा घटक जस्त शोषू देत नाही. जस्त कमी पडले की डोळ्यांभोवती, तोंडाशी, कोपरांवर खपल्या धरतात. तांबूला आम्ही दिवसाआड उकडलेले अंडे आणि जमेल तेव्हा काटे काढलेली, बिनमिठाची शिजवलेली मासळी देऊ लागलो. जवस पौष्टिक खरे, पण कुत्र्याच्या शरीराला त्यातील स्निग्धांशाचा उपयोग माशाच्या तेलाइतका करून घेता येत नाही. आणि जवसाची चटणी देऊच नये, तिच्यात लसूण असतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका ही कुत्र्याला विषेच आहेत.

कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे संत नामदेव आपल्याच भागातले. परंपरेने त्यांचे गाव मानलेले नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. ती कथा आक्का तांबूला रोज ऐकवते आणि भाकरीला चमचाभर तूपही लावते. एवढे चालते, असे डॉक्टर म्हणाले. वाटीभर मात्र नको, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

गावात अजूनही लुतीवर गाडीचे जळके तेल, रॉकेल, फिनेल किंवा तंबाखूचे पाणी लावतात. कपाशीवर फवारण्याचे औषध गोचिडांसाठी अंगावर शिंपडलेलेही मी पाहिले आहे. हे सारे कातडीतून आत जाते, चाटण्यातून पोटात जाते, आणि कुत्रे झटके येऊन मरते. लोक म्हणतात, लुतीने मेले.

ज्या घरी वृद्ध आहेत, तेथे आणखी एक पाहावे. आक्का गुडघ्यांना वेदनाशामक जेल लावते आणि तांबूला ते गुडघे चाटण्याची आवड. त्या जेलमधील डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या मूत्रपिंडांना आणि जठराला इजा करते. आता जेल लावल्यावर गुडघ्यांवर कापड बांधतो आणि हात धुऊनच तांबूला शिवतो. उलट बाजूनेही जपावे लागते. मधुमेही व्यक्तीच्या टाचांच्या भेगा कुत्र्याला चाटू देऊ नयेत. फाटलेल्या कातडीला कुत्र्याची लाळ लागणे हे रेबीजच्या दृष्टीने चाव्याइतकेच गंभीर धरले जाते. तशी लाळ लागली, चावले किंवा ओरखडले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या नखानेही मोठी जखम होते, म्हणून तांबूची नखे आम्ही महिन्याला कापून घेतो.

व्रण नुसता कोरडा, गुळगुळीत असेल तर घरची काळजी पुरे. तो ओलसर झाला, वास आला, कडेला नवे केस गळू लागले, गाठ लागली किंवा कुत्रे रात्री उठून खाजवू लागले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून पशुवैद्यक गाठावा.

आमच्या ओसरीच्या फळीवर आता खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या असतात, एक आक्काची, एक तांबूची. आक्काच्या बाटलीला मी लाल दोरा बांधला आहे. संध्याकाळी दिवेलागणीला आधी आक्काचे पाय होतात, मी हात धुतो, मग तांबू स्वतःहून येऊन पाठ करून बसते. यंदाच्या थंडीत तिच्या व्रणाला एकदाही भेग पडलेली नाही. मुलगी दिवाळीला आली होती, जाताना तिने तांबूसाठी बाबांचे आणखी दोन जुने बनियन कातरून ठेवले.