समुद्राकडे पाठ फिरवूं नका

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें समुद्राच्या जवळ आहेत. रात्रीं निजतांना लाटांचा आवाज त्यांच्या कानीं पडतो. तरीही ह्या मुलांपैकीं कितीजणांस पोहतां येतें, असा प्रश्न कोणी केला, तर आम्हांस खालीं पाहावें लागेल. "पाण्याजवळ जाऊं नको" हें वाक्य आमचीं मुलें पाळण्यापासून ऐकत आलीं आहेत. ह्याच वाक्यासंबंधानें आज आम्ही पालकांशीं दोन शब्द बोलूं इच्छितों.

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत चीन देशांतील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती निंगबो येथें समुद्रावर झाल्या. कुमारींकरितां ठेवलेल्या 'आयएलसीए-४' नांवाच्या होडीच्या शर्यतींत भारताच्या नेहा ठाकूर हिनें रौप्यपदक मिळविलें. त्या वेळीं तिचें वय अवघें १७ वर्षांचें होतें. ही मुलगी कोणत्या बंदरची, असें कोणीहि सहज विचारील. ती मध्यप्रदेशांतील देवास जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याची मुलगी! त्या मुलखांत समुद्र नाहीं. तिनें हें शिक्षण घेतलें तें भोपाळच्या तलावावर.

ही होडी सुमारें १४ फूट लांब असून तींत एकटाच खलाशी असतो. शीड त्यानेंच सांभाळावयाचें आणि सुकाणूंहि त्यानेंच धरावयाचें. वारा समोरून आला तर होडी सरळ पुढें जात नाहीं. ती नागमोडी वळणें घेत न्यावी लागते. स्पर्धेंतील गुण मोजण्याची रीतहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, याप्रमाणें गुण मिळतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी होतो. नेहानें ११ शर्यतींत ३२ गुण घेतले. त्यांतील सर्वांत वाईट शर्यतीचे ५ गुण नियमाप्रमाणें वगळून २७ उरले. एका दिवसाच्या अपयशानें खचूं नये आणि एका दिवसाच्या यशानें फुगूं नये, हा धडा वर्गांत शंभर वेळां सांगूनहि जो बिंबत नाहीं, तो येथें आपोआप मिळतो.

ह्याहूनहि मोठी गोष्ट सचोटीची. खेळाडूच्या हातून नियमभंग झाला, तर कोणी शिटी वाजविण्याची वाट न पाहतां त्यानें स्वतःच होडी गोल फिरवून शिक्षा घ्यावी, अशी ह्या खेळाची रीत आहे. तसेंच संकटांत सांपडलेल्यास मदत करणें हें शर्यतीहून श्रेष्ठ कर्तव्य मानलें आहे. सन १९८८ च्या ऑलिंपिकमध्यें कॅनडाचे लॉरेन्स लेमियो हे दुसऱ्या क्रमांकावर असतां शर्यत सोडून सिंगापूरच्या बुडत्या खलाशांकडे वळले. शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा ह्याहून सुंदर पाठ कोणता?

पालक म्हणतील, "समुद्र धोक्याचा आहे." आम्हांस तें मान्य आहे, पण धोका मनाईनें टळत नाहीं. सुट्टींत किनाऱ्यावर मौजेस गेलेलीं तरुण मुलें बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतों. घरच्या मनाईनें त्यांस वांचविलें नाहीं. पोहावयास शिकलेल्या मुलास पाण्याचा धाक असतो, तो पाण्याशीं उगाच थट्टा करीत नाहीं. होडी शिकणारें मूल तर तरंगतें जाकीट घालून, गुरूच्या नजरेखालीं पाण्यावर जातें. शिडाच्या होड्या महाग आहेत आणि त्या प्रत्येक शाळेस घेतां येणार नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु पोहणें शिकविण्यास होडी लागत नाहीं. आणि वारा व भरती-ओहोटी ह्यांचें ज्ञान देणारे वृद्ध तांडेल आमच्या कोळीवाड्यांत अद्यापि आहेत.

ज्या किनाऱ्यावर सन १६६४ मध्यें शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाचें बांधकाम आरंभिलें आणि जेथें कान्होजी आंग्रे ह्यांनीं आपलें आरमार राखिलें, त्या किनाऱ्याचीं मुलें पाण्यास भितात आणि माळव्याची मुलगी समुद्रावर पदक मिळविते! ह्यांत दोष मुलांचा नाहीं. तेव्हां पुढील वर्षीं आपला मुलगा किंवा मुलगी पोहण्याच्या वर्गाची परवानगी मागावयास आली, तर त्या चिठ्ठीवर "नाहीं" लिहिण्यापूर्वीं पालकांनीं क्षणभर विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.