सेल्फ फिरत नाही? आधी दिवे पाहा

टॅक्सी-टेम्पो चालवून घर चालवणारी अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. पहाटे चावी मारली आणि इंजिन हललेच नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडाली. त्यात न तपासताच कुणी म्हणतो, "सेल्फ गेला, नवा टाका." मान हलवण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतः पाहा.

सेल्फ इंजिन फिरवतो पण गाडी चालू होत नाही, हा आजार वेगळा. दोष बहुधा इंधनाचा किंवा स्पार्कचा. इंजिन फिरतच नसेल, तर गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा. तुम्ही चावी मारा. मुलाला किंवा मुलीला बाजूला उभे करून दिवे पाहायला सांगा. तीही शिकतील.

दिवे एकदम मंद झाले, टकटकटक आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. मीटर असल्यास पाहा: भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर चार्ज करा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल, तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन घट्ट बसवा. वायर काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. जवळ विडी-काडी नको. बॅटरीतला वायू पेट घेतो.

दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच व सोलेनॉइडची बारीक वायर पाहा. ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'वर हवी; काही गाड्यांत क्लच दाबावाच लागतो.

दिवे लख्ख आणि एकच 'टक' आला, तर सेल्फवर संशय जातो. पण थांबा! आमच्या वस्तीतले एक ड्रायव्हरभाऊ मुलीच्या फीचे पैसे नव्या सेल्फसाठी मोडायला निघाले होते. आम्ही जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला व दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला, पंख्या-पट्ट्यापासून दूर, लावले. चावी मारताच इंजिन फिरले! बॉडी आणि इंजिन जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती. पट्टी बदलली, काम झाले. फी वेळेवर भरली गेली.

एवढे करूनही इंजिन हलले नाही, तर मेकॅनिककडे जरूर जा. काय तपासले ते मात्र त्याला सांगा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. माहिती असलेल्या गिऱ्हाईकाला फसवणे सोपे नसते.