डळमळता आरसा

बडोदे असो, इंदूर असो वा बेळगाव, आपल्या मराठी वस्त्यांतील जुन्या वाड्याच्या अंगणात एखादी फियाट किंवा अँबॅसडर आजही कापडी आच्छादनाखाली विसावलेली आढळते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर घरात आलेली ती मोटार घरातल्या वडीलधाऱ्यांइतकीच मानाची असते. १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव धारण केलेली फियाट कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणे कधीच थांबले; मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ साली बंद झाली. ज्यांच्या घरी या गाड्या अजून चालत्या आहेत, त्यांना त्या स्वतःच्या हाताने जपाव्या लागतात. म्हणून या महिन्यात आम्ही एका लहानशा, पण जिवाशी गाठ असलेल्या दुरुस्तीचा विचार करणार आहोत. ती म्हणजे सैल झालेल्या बाजूच्या आरशाची.

या आरशाला बडोद्याचा मिस्त्री काच म्हणेल, इंदूरचा शीशा म्हणेल, बेळगावचा कन्नडी म्हणेल. त्याचे काम मात्र सर्वत्र एकच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि मागचे वाहन बहुधा उजवीकडूनच पुढे जाते. ते येत आहे की नाही, हे हा आरसा सांगतो. आरसा थरथरू लागला की तो खोटे बोलू लागतो. रात्री मागच्या ट्रकचे अंतर आपण त्याच्या दोन दिव्यांमधल्या फटीवरून अजमावतो. हलत्या आरशात ते दोन दिवे एकमेकांत मिसळतात आणि ट्रकच्या जागी दूरवरची एखादी मोटारसायकल असल्याचा भास होतो. शिवाय जुन्या गाड्या चालवणारे अनेकजण आता साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. ज्यांची मान पूर्वीसारखी वळत नाही, त्यांना आरसा हीच मागची दृष्टी होय.

दुरुस्तीपूर्वी दोष नेमका कोठे आहे, ते पाहावे. एका हाताने आरशाची बैठक दारावर घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने आरसा हलवावा. बैठकच हलत असेल तर दोष दाराच्या पत्र्यापाशी आहे. बैठक स्थिर असून दांडा फिरत असेल तर दोष गोळ्याच्या सांध्यात आहे. दोन्ही स्थिर असून फक्त काच खुळखुळत असेल तर ती आपल्या वाटीत सुटली आहे. या तीन दोषांचे उपाय वेगळे आहेत. सरसकट सगळे स्क्रू आवळत सुटण्याने काहीच साधत नाही.

प्रथम बैठकीचा विचार करू. पुष्कळ जुन्या गाड्यांवर हा आरसा मालकाने नंतर बाजारातून आणून बसवलेला असतो. नुसत्या पत्र्याला भोक पाडून त्यात स्क्रू पिळलेला असतो. दार आपटून आपटून ते भोक रुंदावते, पावसाचे पाणी आत शिरते आणि कडेने गंज धरतो. अशा वेळी जाडा स्क्रू पिळण्याचा किंवा शेजारी नवे भोक पाडण्याचा मोह होतो, तो टाळावा. काच वरखाली करण्याचे हँडल व आतला दांडा काढून, दाराचे आतले आवरण फडके गुंडाळलेल्या लाकडी पट्टीने हलके हलके उचकटावे. गंज पॉलिश पेपरने खरवडून तेथे गंजरोधक प्रायमर लावावा. मग दीड मिलिमीटर जाडीची लहानशी पोलादी पट्टी, तिच्यावरही तोच रंग चढवून, आतून टेकू म्हणून द्यावी, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पसरतो. बाहेरच्या बाजूने बैठकीखाली रबराची नवी गादी घालावी. सायकलची जुनी ट्यूब कापून ती घरच्या घरी तयार होते. नटाखाली स्प्रिंग वॉशर अवश्य असावा. आवळताना बळ मात्र बेताचेच लावावे. यांपैकी बऱ्याच बैठका जस्तमिश्रित धातूच्या ओतीव असतात. वरचा चकचकीत मुलामा पाहून त्या पोलादी वाटतात, पण जास्त आवळल्या की तडकतात.

गोळ्याच्या सांध्याची गोष्ट निराळी. तो केवळ घर्षणावर टिकतो. आपल्या घरांत, जे कुरकुरते त्याला तेल, असा रिवाज असतो. येथे तेल हाच शत्रू. सांधा उघडून गोळा आणि त्याची वाटी रॉकेलने किंवा स्पिरिटने स्वच्छ पुसून कोरडी करावी. झिजून गुळगुळीत झालेला गोळा बारीक पॉलिश पेपरने किंचित खरबरीत करावा. स्प्रिंग मेली असेल तर तेवढ्याच मापाची नवी घालावी. झीज जास्त असल्यास वाटीत पातळ कातड्याची पट्टी बसवली तरी पुष्कळ काळ भागते.

काच सुटली असेल तर ती चिकटवताना एक काळजी घ्यावी. सिलिकोनच्या ज्या नळीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती येथे वापरू नये. तिच्यातील आम्लाने आरशामागचा लेप खराब होतो आणि काळे डाग पडतात. दुकानात ‘न्यूट्रल’ म्हणून मागितल्यास आरशाला चालणारे सिलिकोन मिळते. काच बदलायचीच झाली, तर जुनी सपाट होती की फुगीर, हे पाहून घ्यावे. फुगीर काचेत रस्ता अधिक दिसतो, पण मागचे वाहन आहे त्याहून दूर भासते. सवय एका काचेची आणि गाडीवर दुसरी, असे झाल्यास अंदाज चुकतो.

नवे भोक पाडू नये असे आम्ही म्हटले, त्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत वाहन मूळ रूपात राखलेले असावे, अशी अपेक्षा आहे. एका भोकाने नोंदणी अडते असे नव्हे. पण मूळपण जाते ते असेच, एकेका भोकाने.

काम झाल्यावर चालकाच्या जागी नेहमीसारखे बसून आरसा लावावा. आपल्या गाडीची कड त्यात जेमतेम दिसावी, उरलेली सारी जागा रस्त्याला द्यावी. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवी रबरी गादी दबते आणि थोडी ढिलाई येते. या साऱ्या कामाला एक दुपार पुरते. घरातल्या नातवंडांनाही त्या दुपारी जवळ बसवून घ्यावे. गाडी पुढे त्यांच्याकडेच जायची आहे. कोणता नट किती आवळायचा, हेही त्यांच्याकडे जावे, असे आम्हांस वाटते.