जुन्या आरडीला पुंगळी बसवायची की पॉइंट बदलायचे? गॅरेज टाकणाऱ्यांसाठी

आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी विचारतो, "सर, जुन्या गाड्या मॉडिफाय करायचं गॅरेज टाकू का?" टाका की. पण विकणार काय, ते आधी ठरवा.

राजदूत ३५० घ्या, म्हणजे आपली आरडी. यामाहाच्या डिझाइनवर एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती इथं बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ज्यानं ती आजवर जपलीय, तो खर्चाला मागं सरत नाही.

पण गाडीपाशी पोरं जमली की पहिली मागणी पुंगळीची. उद्यमनगरात पत्रा कापून वेल्ड करून देणारे हात भरपूर, त्यामुळं मोह होतोच. अडचण अशी की टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धुराची नळी नव्हे. त्याच्या आकारामुळं दाबाची लाट परत फिरते आणि पोर्टमधून निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. आकार बिघडला की खालचा ओढा गेला. वर जेट बदललं नाही तर मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस हायवेला पिस्टन पकडतो. शिव्या कुणाला? तुम्हालाच.

आता कायदा. आवाजाचं मानक मोडून गाडी चालवली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे गिऱ्हाइकाचं झालं. मोटार वाहन कायद्यात 'डीलर'च्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही येतो, हे मात्र फार जणांना माहीतच नसतं. आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या डीलरला २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२अ खाली गाडीमागं एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. समजा पुंगळीमागं हजार रुपये सुटले. करा हिशोब!

माझं मत विचाराल तर इग्निशनचं काम धरा. आरडीला दोन सिलिंडरचे दोन सीबी पॉइंट. ते झिजतात, गॅप बदलतो, टायमिंग सरकतं आणि मालक दर महिन्याला वैतागतो. तिथं चांगलं इलेक्ट्रॉनिक किट बसवा. आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासा, नाहीतर किटला उगाच दोष लागतो. प्लगच्या भोकात डायल गेज लावून दोन्ही सिलिंडरचं टायमिंग वेगवेगळं बघा. निघालेली पॉइंट प्लेट पिशवीत घालून मालकाला परत द्या. ही मंडळी ओरिजिनल पार्ट जिवापाड जपतात.

सायलेन्सरचंही काम आहेच, पण साफसफाईचं. तेल जळून बॅफलमध्ये कार्बन साचतो, गाडी गुदमरते आणि मालकाला वाटतं इंजिन गेलं.

सुरुवातीला मीही दुकानात दोन-चार पुंगळ्या बसवल्या. त्यातलं एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. पॉइंट बदलून गेलेले अजून टू-टी ऑइल न्यायला येतात आणि चहा पिऊनच जातात. डायल गेज, टायमिंग लाइट आणि मीटर धरून सुरुवातीला किती पैसे लागतात, ते पुढच्या व्हिडिओत मांडतो.