झिंकची गोळी नंतर, साखर आधी

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन हटत नाही. अशी मुलगी कोल्हापुरात कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात जावो की सीपीआर या सरकारी रुग्णालयात, ‘पीसीओडी’ हे बीजकोशांच्या विकाराचं नाव कानावर पडतंच. पाठोपाठ मैत्रिणींचा सल्ला येतो: झिंक कमी असणार, गोळी घे.

सल्ला अगदीच हवेतला नाही. स्वादुपिंडात इन्शुलिन साठवायला झिंक लागतं आणि या विकारात बऱ्याच जणींचं दुखणं इन्शुलिनपाशीच असतं. शरीर इन्शुलिनला दाद देईना, की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. त्याने बीजकोश टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतात, आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन घटतं. मग मुरुमं, नको तिथे केस, चुकलेली पाळी.

पण रक्तातलं झिंक? काही अभ्यासांत ते अशा स्त्रियांत कमी आढळलं, काहींत नाही. आकडाही बेभरवशाचा. शरीरातल्या झिंकपैकी 1 टक्काही रक्तद्रवात नसतो. जेवल्यावर पातळी उतरते, तापातही उतरते. मुळात निदानाची रेघच सरकती आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के तरुण मुलींना हा विकार निघाला, दुसऱ्या कडक निकषांनी 10.7 टक्के. मुली त्याच!

झिंक पोटात जायला हवं, यात वाद नाही. आयसीएमआरने 2020 मध्ये स्त्रियांसाठी रोज 13.2 मिलिग्रॅम सांगितलंय. भाकरी-डाळीतल्या फायटेटमुळे ते कमी शोषलं जातं. मोड काढले, पीठ आंबवलं की अडथळा कमी होतो. मटणात ते भरपूर असतं, पण तुकड्यांत. आणि आपल्याकडे तुकडे आधी पुरुषांच्या ताटात जातात, बाईच्या वाटणीला रस्सा. कोल्हापूरने रश्श्याचा एवढा अभिमान मिरवावा आणि हे वाटप मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू द्यावं, हे मला पटत नाही.

गोळी मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 40 मिलिग्रॅम मानतात. ती सतत ओलांडली तर तांबं कमी पडून रक्तक्षय होऊ शकतो.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निदान होताच साखर, रक्तातली चरबी आणि रक्तदाब तपासायला सांगतात, सडपातळ मुलींचाही. तेव्हा झिंकच्या तपासणीचे पैसे तूर्त राखून ठेवा. आधी डॉक्टरांना विचारून साखर तपासून घ्या: एकदा उपाशीपोटी, मग ग्लुकोज पिऊन 2 तासांनी.